पाटलीणबाई, जरा ऐक

अगं, अभिनंदन फोनवर केलंच, आता निवांत लिहिते. लेखी झाली, तोंडी झाली, प्रांतांची सही झाली आणि आमची शेंडेफळ गावची पोलीस पाटील झाली. मी किती जणींना पेढे वाटले ते वहिनीला विचार. पण तुझा परवाचा तो रात्रीचा फोन डोक्यातून जात नाही. "ताई, ठाण्यातल्या बैठकीत साहेब म्हणाले, दहशतवाद रोखायला पोलीस पाटलांनी सहकार्य करावं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण करायचं काय गं नेमकं? माझ्याकडे एक वही, एक शिक्का आणि एक स्कूटी."

वही, शिक्का आणि स्कूटी पुष्कळ झालं. बंदूक तुला कुणी देणार नाही आणि त्याची गरजही नाही.

मुंबईत खात्यात माझी हयात गेली, त्यातली बरीच वर्षं गोपनीयच्या टेबलावर. म्हणजे लोक काय बोलतात ते ऐकायचं, चाळून घ्यायचं आणि कागदावर आणायचं. त्या टेबलावरून मला जे दिसलं ते एवढंच, की कुणालाच काही दिसलं नाही आणि मग आक्रीत घडलं, असं फार क्वचित होतं. कुणाला ना कुणाला दिसलेलं असतंच. ते सांगावं असं माणूस त्याच्या जवळपास नसतं, नाहीतर सांगितलेलं पुढे सरकत नाही. तुझं काम या दोन जागांवर आहे.

शेखाडीबद्दल मी तुला काय सांगणार? श्रीवर्धनहून दिवेआगरला किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना तू रोज तिथून जातेस. आता तिथे पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात. १९९३ साली तू शाळकरी पोर होतीस. त्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला रात्रीचा माल उतरला. बंदुका, हातबॉम्ब, आरडीएक्स. १२ मार्चला, शुक्रवारी दुपारी, मुंबईत शेअर बाजारापासून सुरुवात करून एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. आता मला सांग, एवढा माल वाळूत उतरतो, ट्रक येऊन उभे राहतात, गड्यांच्या खांद्यांवरून पेट्या चढतात, आणि पंचक्रोशीत कुणाला पत्ता लागत नाही? लागला होता. पण त्या किनाऱ्याला रात्रीच्या मालाची सवय होती. कधी चांदी यायची, कधी सोनं यायचं. उतरवणाऱ्याला एका रात्रीत बख्खळ मजुरी मिळायची आणि ज्याला झोपेत ट्रकचा आवाज यायचा त्याने कूस बदलायची, अशी रीतच पडलेली. ज्यांनी अडवायचं त्यांनीही हात ओले करून घेतले. पुढे टाडा न्यायालयात कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही शिक्षा झाल्या, त्यात वाटेत अडवलेली गाडी पैसे घेऊन सोडणारेही होते. माझ्याच खात्याचं हे नाव, ते झाकून ठेवून तुला शहाणपण शिकवण्यात काही अर्थ नाही.

चांदीसाठी मळलेली वाट आरडीएक्सला आयती मिळाली. म्हणून दहशतवादाच्या बैठकीत तुला जे कुणी सांगणार नाही ते मी सांगते. तुझ्या हद्दीतल्या बारीकसारीक चोरट्या धंद्याकडे काणाडोळा करू नकोस. आज चांदी नसेल, डिझेल असेल, रेती असेल, गुटखा असेल. "जाऊ दे ना पाटलीणबाई, गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे," असं सांगायला येणारा माणूस बहुधा गरीब नसतो. दिवाळीला मिठाईचा डबा येईल, त्याखाली पाकीट असेल. डबा दारातूनच परत कर आणि तो कुणी आणला होता हे चारचौघांत बोलून टाक. एकदा बोललीस की पुन्हा येणार नाही. पंधरा हजारांच्या मानधनात भागत नाही हे मला ठाऊक आहे. तरीसुद्धा.

बारीक गोष्टीतून मोठं कसं निघतं ते पुण्यात बघ. जुलै २०२३ मध्ये कोथरूड भागात रात्रीच्या गस्तीवर असलेल्या बीट मार्शलना तीन जण दुचाकी चोरतायत असा संशय आला. हटकलं. एक पळाला, दोघे हाती लागले. साधी गाडीचोरी म्हणून चौकशी सुरू झाली आणि कळलं, की राजस्थानातल्या दहशतवादाच्या गुन्ह्यात एनआयए ज्यांना शोधत होती तेच हे दोघे. कोंढव्यात खोली घेऊन राहत होते. दिल्लीहून काही गुप्त संदेश आला नव्हता. शिपायांनी आपली रोजची गस्त नीट घातली होती, बस्स.

आणि २६/११? तिथेही कुणाला ना कुणाला दिसलं होतंच. ते दहा अतिरेकी रबरी बोटीतून मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत, बधवार पार्कजवळ उतरले, तेव्हा किनारा काही ओसाड नव्हता. आपलीच कोळी माणसं तिथे होती. पाठीवर जडजड पिशव्या घेतलेली अनोळखी पोरं बघून कोण, कुठले असं विचारलंही त्यांनी. उडवाउडवीची उत्तरं देऊन ती पोरं रस्त्याला लागली. गोळीबार सुरू व्हायला अजून अवधी होता. त्या वस्तीतल्या एका बाईने नंतर शवागारात जाऊन मृतदेह ओळखले, इतकं त्यांना नीट बघितलेलं. विचार कर, डोळे होते, धीर होता, प्रश्नसुद्धा बरोबर विचारला गेला. पण "आत्ता, या घडीला, हे कुणाच्या कानावर घालायचं?" याचं उत्तर त्या माणसांपाशी तयार असतं तर?

ते उत्तर तुझ्या गावात "आपल्या पाटलीणबाईंना" असं असायला हवं, आणि ते घाई झाल्यावर तयार होत नाही.

सकाळी लिलावाच्या वेळी जेट्टीवर जात जा. काम नसताना जा. चहा घे, कुणाच्या पोराच्या दाखल्याचं अडलंय ते ऐक, इंजिनाच्या किमतीवर तांडेल कुरकुरतात ती कुरकुर ऐक. पहिले दोन महिने तुला एकही उपयोगाची गोष्ट कळणार नाही. मासळीच्या पाट्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या मावश्यांशी खास गोडी ठेव. त्यांच्याइतकं गाव कुणालाच माहीत नसतं. ज्या बंगल्यात दोन माणसं उतरल्याची नोंद आहे आणि रोज दहा जणांची मासळी लागते, तो बंगला तुला मावशीच दाखवणार, ठाण्यातला कुणी नाही. तशीच आशाताई, लाईनमन, सिलेंडरवाला, मुक्कामी एसटीचा कंडक्टर, सिमकार्ड विकणारा पोरगा. यांना खबरी समजू नकोस हं. खबरी म्हटलं की पैसा आला, भीती आली आणि खोट्याला किंमत आली. ही तुझी गावची माणसं आहेत, ती आपण होऊन बोलतील तेवढंच ऐक.

मोहल्ल्यात जायला तू बिचकतेस, हे तुझ्या आवाजावरून कळलं. का बिचकायचं? आपल्या लहानपणी मोहल्ल्यातल्या खाला शिरखुर्म्याचा डबा घेऊन यायच्या, आणि आपण गौरीच्या घावनांचा द्यायचो. मधल्या काळात सगळेच अंतर राखून बोलायला लागले. १९९३च्या स्फोटांनंतर आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांवर, ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांच्यावरही, संशयाची नजर बसली. ज्याच्याकडे सारखं संशयाने बघितलं जातं तो सांगायला येत नाही. घरातलं घरात दाबून टाकतो.

यावर आपल्याच खात्यातल्या एका माणसाने औषध काढलं होतं. सुरेश खोपडे भिवंडीत उपायुक्त होते, १९८८च्या आसपासची गोष्ट. त्याआधी १९८४ला भिवंडी भयंकर पेटली होती. खोपड्यांनी काय केलं, तर वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या बांधल्या. यंत्रमागवाले, भाजीवाले, मौलवी, शाखेतले, घरकाम करणाऱ्या बायका, सगळे एका सतरंजीवर, आणि मधे पोलीस. विषय काय? नळ, गटार, नवरा मारतो, शेजारी भिंत सरकवतो. दंगलीचं नावही नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना हाकेच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. आणि मुंबईच्या त्या आगीवरच स्फोटवाल्यांनी आपली पोळी भाजून घेतली, हे विसरू नकोस. पुढे १९९४मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी यांच्यासारख्यांनी मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या केल्या. मला विचारशील तर दहशतवाद रोखण्याचं इतकं स्वस्त आणि इतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. कंटाळवाणं म्हणूनच ते अधिकारी बदलला की बंद पडतं. तुझी बदली होत नाही, तू गावातच आहेस, हा तुझा मोठा फायदा.

तेव्हा उरूस असो की पालखी, शांतता समितीची बैठक सणाच्या आदल्या दिवशी चहा-बिस्किटांपुरती घेऊ नकोस. पाणीटंचाईवर घे, बिबट्या आला त्यावर घे. बायकांना बोलाव, आणि त्या आल्या की खुर्च्यांवर बसव, मागे भिंतीला टेकून उभ्या ठेवू नकोस.

आता वहीचं बोलू. यावर मी जरा कडक होणार आहे. ठाण्यात माझ्या टेबलावर अशा चिठ्ठ्या यायच्या: "दोन संशयित दाढीवाले इसम फिरताना दिसले, हालचाली संशयास्पद." या चिठ्ठीचं मी काय करू? दाढी हा गुन्हा नाही आणि "संशयास्पद" हे तुझं मत झालं. त्याऐवजी असं लिही: अमुक तारीख, वार, रात्री अकरा वीस. पांढरी चारचाकी, नंबर अमुक, जेट्टीच्या उतारावर दिवे घालवून उभी. दोन पुरुष, एक साधारण तीस, एक पन्नाशीचा. एकाने कस्टम्सच्या चौकीचे आणि बोटी लावायच्या जागेचे मोबाइलवर फोटो काढले. रखवालदाराने विचारल्यावर "मासळी घ्यायला आलो" म्हणाले. त्या वेळी लिलाव नव्हता. गाडी अकरा पंचेचाळीसला दिवेआगरच्या दिशेने गेली. कुणी पाहिलं: रखवालदार. मी स्वतः पाहिलं: नाही. ही शेवटची दोन वाक्यं तर सोन्याची. ऐकीव काय आणि डोळ्यांनी बघितलेलं काय, हे वेगळं लिहिणारा माणूस ठाण्याला फार क्वचित मिळतो. माणसाने काय केलं ते लिही, तो कोण आहे यावरून अंदाज बांधू नकोस. त्या जागी आपला चुलतभाऊ असता तरी हे लिहिलं असतं का, असं मनाशी विचार. उत्तर नाही आलं तर पान फाडून टाक.

एवढं बजावते, कारण कागदाची किंमत मी बघितली आहे. ८ सप्टेंबर २००६ला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले. मेले ते मुसलमान, आणि पकडले गेले तेही मुसलमान तरुण. पाच वर्षं आत काढल्यावर त्यांना जामीन मिळाला, २०१६मध्ये न्यायालयाने दोषमुक्त केलं. त्या वर्षांत कुणाची दुकानं बुडाली असतील, कुणाच्या बहिणींची लग्नं अडली असतील. आणि खरे गुन्हेगार त्या काळात कुठे होते? चुकीचा माणूस आत जातो तेव्हा बरोबरचा बाहेर असतो, एवढा साधा हिशेब आहे. दुसरीकडे ऑगस्ट २०१८मध्ये एटीएसने नालासोपाऱ्यात एका घरातून गावठी बॉम्ब जप्त केले, आणि ते घर कुणा परक्याचं नव्हतं, ओळखीच्या वस्तीतलं, हिंदुत्ववादी संघटनेशी नाव जोडलेल्या माणसाचं होतं. तेव्हा आडनाव वाचून डोळे उघडणारी किंवा मिटणारी पाटील कामाची नाही. तुला हे पटतं हे मला माहीत आहे, पण गावात तुला उलटं सांगणारे भेटतील, आणि त्यात आपले काकाही असतील.

लिहिलेलं ठाण्यात दिलंस की पोच घे. ठाणे अंमलदार म्हणेल, "अहो, सांगितलंत ना, झालं." हसून म्हणायचं, "साहेब, माझी वही अपुरी राहते, स्टेशन डायरीचा नंबर द्या." तातडीचं असेल तर आधी ११२, समुद्रातलं असेल तर सागरी पोलिसांचा १०९३ किंवा तटरक्षक दलाचा १५५४, आणि मग साहेबांना. प्रत्येक जेट्टीवर, मशिदीच्या आणि देवळाच्या फळ्यावर हे आकडे खडूने लिहून ठेव, पावसात पुसले की पुन्हा लिही. आणि ज्याने तुला सांगितलं त्याचं नाव चहाच्या टपरीवर कधी निघता कामा नये. खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर न्यायालयसुद्धा करू शकत नाही, पुरावा कायद्यात तशी तरतूद आहे. मग तू नवऱ्याला तरी का सांगावंस? भाऊजी भले माणूस आहेत, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही.

"आणि खोटं निघालं तर लोक हसतील," असं म्हणालीस ना? हसू देत. आपल्या रायगडातच बघ. सप्टेंबर २०१६मध्ये, उरीच्या हल्ल्याला आठवडाही झाला नव्हता, उरणच्या शाळेतल्या मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं शिक्षकांना सांगितलं. शाळेने पोलिसांना कळवलं. नौदल, एटीएस, सगळे धावले, सगळा परिसर पिंजून काढला, काही सापडलं नाही. तरी मला त्या मुलांचं आणि शाळेचं कौतुकच वाटतं. मुलांनी मोठ्यांना सांगितलं, मोठ्यांनी त्यांना गप्प बसवलं नाही. मग १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. हरिहरेश्वरला एक बेवारस बोट किनाऱ्याला लागली, आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. भरडखोलला लाइफबोट. अख्ख्या जिल्ह्यात नाकाबंदी. संध्याकाळपर्यंत विधानसभेत सांगितलं गेलं, की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची आहे, मस्कतहून युरोपला निघालेली, जूनमध्ये इंजिन बंद पडल्यावर माणसांना वाचवण्यात आलं आणि बोट भरकटत इथे आली. २०२५च्या जुलैत कोर्लईसमोर रडारवर संशयित बोट दिसली म्हणून रात्रभर शोध झाला. शेवटी पाकिस्तानी मच्छीमार बोटीच्या जाळ्याचा वाहून आलेला बोया असावा, असा निष्कर्ष निघाला. यातलं एकही कळवणं वाया गेलं असं मी मानत नाही. तेवढ्या निमित्ताने कुठली चौकी किती वेळात पोचते, कुणाचा फोन लागत नाही, हे सगळं उघडं पडतं.

अशी बोट, पेटी किंवा पिशवी तुझ्या हद्दीत सापडली तर काय? हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही. पाणी ओतणं, काठीने ढोसणं, उन्हातून सावलीत सरकवणं, लोक काय वाटेल ते करतात. पुण्याच्या जर्मन बेकरीत फेब्रुवारी २०१०मध्ये बॉम्ब होता तो गजबजलेल्या खानावळीत सोडून दिलेल्या पिशवीतच. सतरा जण गेले. माणसं निदान शंभर मीटर मागे घे, सेल्फीवाल्यांना आणखी मागे. बॉम्ब शोधक पथक अलिबागहून येणार, रस्त्याचा हिशेब तुला माहीत आहे, तोवर गर्दी धरून ठेवणं हेच तुझं काम. सागर रक्षक दलाच्या चार पोरांचे नंबर तोंडपाठ असू देत, दोरी स्कूटीच्या डिकीत असू दे.

गर्दीवरून आठवलं, आणि हे मला सगळ्यांत जास्त सांगायचं होतं. गावाला सावध करणं सोपं आहे गं, सावध झालेल्या गावाला आवरणं कठीण. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जण आले. भिक्षा मागणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. कुणीतरी बोट दाखवलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत! त्या गावाला विचारलं असतं तर ते म्हणालं असतं, आम्ही सतर्क होतो. दोनच वर्षांनी पालघरमध्ये गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर तसेच गेले.

म्हणून तुझ्या ग्रुपवर कुणी "सावधान, आपल्या भागात अतिरेकी घुसलेत, पुढे पाठवा" असं टाकलं की दहा मिनिटांच्या आत तुझा आवाज तिथे यायला हवा. लिहू नकोस, बोलून पाठव. पाटलीणबाईंचा आवाज लोक ओळखतात. "मी ठाण्यात विचारलंय, असं काही नाही. कुणी अनोळखी दिसलं तर मला फोन करा, अंगावर जायचं नाही." आणि खरोखर फोन आला तर स्कूटी काढायची आणि स्वतः जायचं. बहुरूपी, डवरी, फासेपारधी, गालिचे विकणारे, मधवाले, सगळ्यांची ठाण्यात नोंद करून द्यायला मदत कर, आणि गावात आले की आधी तुझ्याकडे या असं सांग. तू त्यांच्याशी ओट्यावर बसून बोललीस हे चार जणांनी बघितलं, की त्यांच्या अंगाला कुणी हात लावणार नाही.

खलाशांचंही तेच. नारळी पौर्णिमेच्या आसपास, मासेमारीची बंदी उठली की नेपाळची, उत्तर प्रदेशची पोरं बोटींवर येतात. ओळखपत्र नाही, बोली येत नाही, मालक आधार घेऊन ठेवतो. बैठकीत साहेब म्हणतील, "खलाशांची तपासणी करा." कर, पण पोलीस आल्यासारखी करू नकोस. मालकाला आधी दम दे, की नोंद नसलेला खलाशी बोटीवर चढवलास तर तुझ्याच परवान्यावर येईल. पोरांना त्यांचं ओळखपत्राचं कार्ड मिळवून दे. ज्याचं कार्ड तू करून दिलंस तो उद्या समुद्रात अनोळखी बोटीने डिझेल मागितलं तर तुला सांगेल.

घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांची नोंदवही महिन्यातून एकदा डोळ्यांखालून घाल. ओळखपत्राची प्रत, येण्या-जाण्याची वेळ, गाडीचा नंबर. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, हे आपल्या निम्म्या काकवांना ठाऊकच नाही. मोबाइलवर ते भरायला एखाद्या कॉलेजच्या पोरीला शिकव. त्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता अवघड. एखाद्या दिवशी, बहुधा दुपारी, गाव झोपलेलं असताना एखादी आई येईल. चपला दारात काढेल, पाणी घेणार नाही. म्हणेल, "पोरगा बदललाय. रात्रभर फोनवर कुणाशी तरी बोलतो, मित्र सोडले, कॅरम सोडला, बापाला वाटेल ते बोलतो, काल पासपोर्ट शोधत होता." ती कुठल्याही धर्माची असेल. त्या क्षणी तुझ्या चेहऱ्यावर काय उमटतं यावर पुढचं सगळं आहे. २०१४मध्ये कल्याणची चार मुलं यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेली आणि तिथून नाहीशी झाली, तेव्हा पोलिसांकडे धावले ते घरचेच. त्यानंतर एटीएसने नाद लागू पाहणाऱ्या पोरांना, हातून गुन्हा घडण्याआधीच, घरच्यांना आणि मौलवींना बरोबर घेऊन समजावण्याचं काम हाती घेतलं. बेड्या न घालता, शिक्षणाला नाहीतर कामधंद्याला लावून परत आणायचं. हे दार उघडं आहे, हे त्या आईला सांगता आलं पाहिजे. म्हणून आधीच जिल्ह्याच्या दहशतवादविरोधी शाखेतल्या कुणाला तरी भेटून ये. चेहरा बघ, बोलणं बघ. ज्याच्या हाती स्वतःचा मुलगा द्यायला तू तयार होशील असा अधिकारी हेरून ठेव आणि त्याचाच नंबर दे.

तिला खोटा शब्द मात्र देऊ नकोस. "काही होणार नाही" असं म्हणू नकोस, ते तुझ्या हातात नाही. पोराने काही करून ठेवलं असेल तर कायदा त्याच्या वाटेने जाईल. "वेळेत आलात, मी बरोबर येते" एवढं म्हण, आणि खरंच बरोबर जा. अलिबागच्या कचेरीत बाकावर तिच्या शेजारी बस. गावात विचारलं तर दवाखान्यात गेलो होतो.

दिवाळीनंतर चार दिवस येते. तेवढ्यात सागर कवचचा सराव लागला तर मला जेट्टीवर बघायचाच आहे. साध्या वेशातले पोलीस समुद्रातून घुसायला बघतात आणि गावाने पकडायचं असतं. आपल्या पाट्यावाल्या मावश्यांना आधीच काही सांगू नकोस, बघू कोण आधी ओळखतं. आणि मिठाईच्या डब्याचं काय झालं ते फोनवर नको, घरी आल्यावर सांग.